उषाचं चौथं प्रकरण

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कोणी सहज काही बोललं तरी उषा साळवे त्याला अडवायची. "हल्लीच्या मुलांना वाचायला नको," असं मी म्हटलं, की शेजारच्या टेबलावरून आवाज यायचा, "किती मुलांना विचारलंत, ताई?" भूगोलाचे सर वैतागून म्हणायचे, "नगरचे रिक्षावाले सगळे सारखेच." त्यावर ही शांतपणे, "सगळ्यांच्या रिक्षात बसून झालं का सर?" सुरुवातीला लोक हसायचे. नंतर ती खोलीत असली की जरा जपून बोलायचे. एकदा प्राचार्य भाषणात म्हणाले, आपले विद्यार्थी जिल्ह्यात सगळ्यात हुशार आहेत, आणि अख्ख्या स्टाफनं एकदम उषाकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराला लागलेला खडू झटकत होती.

ती संख्याशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची आणि पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसायचं. मी मराठीची, कायम, तिच्याहून वयानं बरीच मोठी. दुपारचा एक तास आम्हा दोघींनाही रिकामा असायचा. मी पेपर तपासायची आणि ती आपलं संशोधन करायची. गणित सुटत असलं की ती एक पाय सारखा हलवायची. आमची टेबलं चिकटून होती, त्यामुळे माझा चहाचा कप बशीत किणकिणायचा. गणित अडलं की कप गप्प. मला संख्याशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण उषाचा पीएच.डी.चा प्रबंध कुठवर आलाय हे मला त्या कपावरून कळत असे.

विषय तिनंच मला एकदा समजावला होता, आणि तो इतका साधा वाटला की मी घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितला. समजा, एका दवाखान्यात काही रुग्णांना नवीन औषध दिलं. ते किती दिवस जगतात हे पाहायचं आहे. काही मरतात, काही टिकतात, पण काही जण मधूनच यायचे बंद होतात. त्यांचं काय झालं? बरे झाले म्हणून आले नाहीत, की इतके खचले की येणंच जमलं नाही? गाव बदललं? "नेहमीची पद्धत असं धरून चालते की, ते असेच, काही कारण नसताना गेले," उषा म्हणाली. "पण ताई, माणूस असाच कुठे जातो का? आमच्या गावात एक मावशी होत्या. टीबीचं औषध घ्यायला नगरला यायच्या. यायच्या बंद झाल्या कारण बसमध्ये उभं राहवेना. दवाखान्याच्या कागदावर त्या फक्त 'आल्या नाहीत'."

अशी कारणानं गळालेली माणसं धरूनही बरोबर अंदाज काढायची पद्धत तिनं शोधली होती. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तिची सिद्धता होती. बाकीची प्रकरणं त्या चौथ्याच्या अंगणात उभी होती असं म्हणायला हरकत नाही.

सुप्याजवळच्या एका लहान गावात तिचं माहेर. वडील, अण्णा, सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते आणि तिथूनच निवृत्त झाले. एका रविवारी तिनं मला घरी नेलं. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टीव्ही, आणि टीव्हीवर उषाला मिळालेल्या चषकांची रांग. अण्णांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसले.

"आमच्या भावकीत मॅट्रिकच्या फुडं कोन गेलं न्हाई," ते म्हणाले. "आनि ही डाक्टर व्हनार."

"अण्णा, तसला डॉक्टर नाही," उषा आतून ओरडली.

"म्हाईत हाय गं मला. आकड्याचा डाक्टर." मग माझ्याकडे वाकून हळूच, "गावाला न्हाई म्हाईत."

ते खरंच होतं. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात शेजारची एक म्हातारी आली आणि लुगडं वर करून गुडघा दाखवायला लागली. उषानं तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला, आणि तिच्या गुडघ्याला तेल लावून दिलं. अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

उषाचा नवरा मिलिंदही सुप्यालाच कंपनीत होता. रोज पहाटे नगरहून कंपनीच्या बसनं जायचा. अबोल, अंगानं आडदांड माणूस. उषाचे पेपर, पुस्तकं, प्रिंट काढून आणणं, तिला पुण्याच्या गाडीत बसवून देणं ही सगळी कामं तो करायचा, आणि तिच्या अभ्यासाच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढायचा, देवळात शिरावं तसा.

सगळं नीट चाललं होतं. चौथ्या प्रकरणावर तिच्या पुण्याच्या गाईडनी शेरा दिला होता, 'उत्तम'. आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राची एक कायम जागा निघणार अशी बातमी होती. पीएच.डी. असेल तर ती उषाचीच, हे सगळे धरून चालले होते. ती सोडून. तिला विचारलं तर म्हणायची, "अजून काही घडलेलं नाही."

प्रबंध जमा करायचा त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. तिच्या गाईडांची हौस अशी की, प्रबंधाचा सारांश मराठीतही जोडावा. "इंग्रजीत मी लिहिलंय, पण मराठीत माझी वाक्यं आजारी पडतात," ती म्हणाली. आम्ही रिकाम्या स्टाफरूममध्ये बसलो. बाहेर मैदानावर कोणी नव्हतं, शिपाई दारात पेपर वाचत होता. ती सांगायची, मी लिहायची. पहिली तीन प्रकरणं झाली. मधे आम्ही शेव-चिवडा खाल्ला. चौथं सुरू झालं.

ती एक ओळ दाखवून म्हणाली, "इथे लिहा, यावरून पुढील समीकरण मिळते."

"यावरून म्हणजे कशावरून?" मी म्हटलं. मला शंका वगैरे काही नव्हती. आधीच्या वाक्यात कर्ता सापडत नव्हता, एवढंच.

"म्हणजे, माणूस मरण्याची शक्यता आणि माणूस येणं बंद होण्याची शक्यता, या दोहोंचा गुणाकार केला असता..." ती थांबली.

"गुणाकार केला असता," मी लिहिलं. "पुढे?"

मी वर पाहिलं. ती कागदाकडे बघत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, जसा घराची किल्ली पर्समध्ये नाही हे लक्षात आल्यावर होतो. तिनं तो कागद डोळ्यांजवळ नेला. मागची पानं उलटली. पुन्हा पुढे आली.

"काय झालं गं?"

"ताई, इथे गुणाकार कसा केला मी?"

"म्हणजे?"

"दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील तरच असा गुणाकार करता येतो." तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात शिकवतो तसा. "पण त्या अवलंबून असतात, हेच तर मी म्हणतेय. सगळा प्रबंधच त्याच्यावर आहे. आणि इथे मी ते... इथे मी गुपचूप धरून चाललेय की त्या नसतात."

चिन्हांमध्ये ते दिसलंच नव्हतं. दोन अक्षरं शेजारी शेजारी लिहिली की गुणाकार होतो, मध्ये खूणसुद्धा लागत नाही. तिला दिसलं नव्हतं, गाईडना दिसलं नव्हतं, ज्या परिषदेत तिनं तो पेपर वाचला तिथेही कोणाला दिसलं नव्हतं. मराठीत पूर्ण वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा ते दिसलं.

"मग दुरुस्त होईल ना?" मी विचारलं.

"होईल," ती म्हणाली. "व्हायला पाहिजे." आणि पिशवी भरून निघून गेली. चिवड्याचा डबा टेबलावरच राहिला.

पुढच्या आठवड्यात मला पुण्याला काम होतं, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. तिचे गाईड निवृत्तीला आलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी ती ओळ पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मी हे दोनदा वाचलंय, उषा," ते म्हणाले. "मलाही दिसलं नाही."

"आता काय करायचं, सर?"

"एक गृहीतक घाल. आम्ही असे धरून चालतो की या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, वगैरे. एक वाक्य वाढेल. प्रबंध तांत्रिकदृष्ट्या बरोबर होईल."

"पण ते गृहीतक घातलं तर हे सगळं आधीच कोणीतरी सिद्ध केलेलं आहे. मग माझं काय राहिलं त्यात?"

त्यांनी प्रबंध मिटून तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बाळ, फार थोड्या प्रबंधांत कोणाचं काही असतं." हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की, मला त्यांचा रागही येईना. त्यांनी मुदतवाढ मिळवून द्यायचं कबूल केलं. त्यापुढे आपल्या हातात काही नाही, असंही सांगितलं.

येताना शिरूर येईपर्यंत ती गाडीत त्याच पानावर पेन्सिल फिरवत होती. मग एकदम म्हणाली, "होईल ताई. एखादी वाट असेल."

ती वाट तिनं वर्षभर शोधली. आमच्या रिकाम्या तासाला ती यायची, बसायची, लिहायची, आणि माझा कप बशीत गप्प असायचा. लोकांना अडवणंही तिनं सोडून दिलं. भूगोलाचे सर एकदा मुद्दाम म्हणाले, "पुण्याची माणसं सगळी खडूस," आणि वाट पाहत राहिले. ती काही बोलली नाही. सर ओशाळले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, त्यांना काही मदत करता येईल का हो आपल्याला?" काय करणार होतो? आमच्या कॉलेजात तिचं ते पान वाचू शकेल असं माणूस नव्हतं. जिल्ह्यात असलं तर आम्हाला माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी मिलिंद माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"ताई, तुमी सांगा तिला जरा. ती ऐकंल तुमचं."

"काय सांगू?"

"ते एक वाक्य घालायचं हाय म्हनं. घालून टाक म्हनावं." तो हातातली गाडीची किल्ली फिरवत होता. "मला त्यातलं काय कळत न्हाई. नट ढिला झालाय म्हनली आस्ती तर मी आवळून दिला आस्ता. ती नुस्ती बसून राहती. जेवताना मधीच हात थांबतो तिचा. मी काय आवळू, सांगा."

मी सांगितलंही तिला. दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, एक वाक्य घाल, पदवी घे, जागा पदरात पाड, आणि मग आयुष्यभर ती वाट शोधत बस. कोण अडवतंय? तिनं ऐकून घेतलं.

"ताई, आणि उद्या कोणी दवाखान्यात हे वापरलं तर?"

"कोण वापरणार आहे गं? विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडेल."

"मग कशाला लिहायचं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात ताठा अजिबात नव्हता. ती मला खरोखरच विचारत होती.

मुदत संपत आली तेव्हा तिला आणखी एक गोष्ट कळून चुकली होती. ती तिनं मला पायऱ्या उतरताना सांगितली. "ते होणारच नाही, ताई. मी कमी पडले असं नाही. अर्धवट माहितीतून तेवढं कळूच शकत नाही. गेलेली माणसं का गेली हे त्यांना विचारल्याशिवाय कळायचं नाही. जुन्या लोकांनी हे सिद्ध करून ठेवलंय. मी वाचलंही होतं. मला वाटलं, मी बाजूनं वाट काढली." मग ती हसली. "लई शानी समजत हुते मी सोताला." तिच्या तोंडून गावाकडची बोली मी क्वचितच ऐकली होती.

अण्णांना सांगायला ती मला बरोबर घेऊन गेली. एकटीला धीर होत नव्हता. अण्णांची तब्येत तेव्हा बिघडलेली होती, धाप लागायची. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. उषा त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं सांगितलं की प्रबंधात चूक निघाली आहे.

"चूक हाय तर दुरुस्त कर," अण्णा म्हणाले. "आमचं मशिन बंद पडलं तर आमी सुट्टी झाल्यावर बी थांबायचो. चालू करूनच घरी यायचो."

"अण्णा, हे मशीन बंद पडलेलं नाही. ते कधी चालूच नव्हतं. मला वाटत होतं चालू आहे."

अण्णा उशीवरून जरा पुढे सरकले. फिटर माणूस, त्यांना बहुतेक ते आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळलं असावं. त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "जेवून जावा दोघी."

प्रबंध जमा करायच्या शेवटच्या तारखेला तिनं नेहमीसारखे तास घेतले. मी दारावरून जाताना आत पाहिलं. फळ्यावर सरासरी काढायचं सूत्र होतं आणि पहिल्या वर्षाची मुलं ते उतरवून घेत होती. त्या दिवशी मिलिंदनं रजा काढली होती. समजा ऐन वेळी ती म्हणालीच, चल पुण्याला, तर असावं म्हणून. तो कॉलेजच्या गेटबाहेर गाडीवर दुपारभर बसून होता. शेवटचा तास संपल्यावर ती बाहेर आली, त्याच्या मागे बसली, आणि ते घरी गेले.

कायम जागा पुढच्या वर्षी भरली. नाशिककडचा एक तरुण आला, पीएच.डी. झालेला, चांगला मुलगा. उषानंच त्याला वर्ग दाखवले, कुठल्या वर्गातला पंखा चालत नाही ते सांगितलं. कायम माणूस आल्यावर तिचे तास उरले नाहीत. निरोप समारंभ करायचा असं आम्ही म्हणत होतो, पण तासिका तत्त्वावरच्या माणसाला निरोप कधी द्यायचा हेच कोणाला ठरवता येईना. ती जूनमध्ये आली नाही, इतकंच झालं. सुप्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला लागली, असं कळलं. मिलिंदबरोबर त्याच बसनं ये-जा करत होती.

अण्णा त्या हिवाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. घरासमोर मांडव, भंते आलेले, गावातली बरीच माणसं, कारखान्यातले जुने सोबती. मांडवाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लावला होता. मधोमध अण्णांचा फोटो, फिटरच्या निळ्या कपड्यातला, आणि खाली शोकाकुल म्हणून नावं. पहिलंच नाव ठळक अक्षरात: डॉ. उषा मिलिंद साळवे.

ती त्याच्याखाली उभी होती. मी जवळ गेले तेव्हा ती तिच्या चुलतभावाला म्हणत होती, "ते डॉ. काढा रे तेवढं. चिकटपट्टी लावा काहीतरी."

"आसू दे ना ताई," तो म्हणाला. "अण्णाच सांगून गेलेत. मरायच्या आदल्या हप्त्यात बी मला म्हनले, नाव लिवताना डाक्टर लिव."

"पण मी नाहीये."

"अगं, कोन बगतंय?" तो समजुतीनं म्हणाला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेला.

ती माझ्याकडे वळली. "अण्णांना मी सांगितलं होतं ना, ताई? तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"हो गं. सांगितलं होतंस."

"मग?"

आत वंदना सुरू झाली. सगळे हात जोडून उभे राहिले. तिनंही हात जोडले. कार्यक्रमभर येणारी माणसं आधी तो फ्लेक्स वाचत होती, मग तिच्याकडे येऊन तिला नमस्कार करत होती. एक म्हातारे गृहस्थ तिला म्हणाले, "बापाचं नाव काढलंस, पोरी." ती मान हलवत राहिली. एवढ्या माणसांत एकेकाला थांबवून ती काय सांगणार होती?

त्यानंतर आमचं फोनवर अधूनमधून बोलणं व्हायचं. अकरावीची मुलं, बसची गर्दी, मिलिंदची पाळी. प्रबंधाबद्दल तीही बोलत नसे, मीही विचारत नसे.

मागच्या महिन्यात मी पुण्याहून एसटीनं येत होते. सुप्याच्या स्टँडवर गाडी थांबून पुन्हा रस्त्याला लागली आणि गर्दीत अडकून उभी राहिली. कारखान्यांची पाळी सुटली होती. कंपन्यांच्या बस, टेम्पो, मोटरसायकली, कंटेनर, सगळं एकदम हायवेवर आलं होतं. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या, गाड्या पळत असलेल्या बाजूच्या कडेला उषा उभी होती. केसांत बरीच पांढरी झाक आली होती. खांद्याला पिशवी, एका हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तिला आमच्या बाजूला यायचं होतं. इकडे नगरकडे जाणारी कंपनीची बस लागलेली होती आणि माणसं तिच्यात चढत होती.

मी खिडकीची काच सरकवायला गेले. ती अडकलेली होती. मी काचेवर थापा मारल्या, हाक मारली. शेजारच्या बाईनं दचकून माझ्याकडे पाहिलं. उषापर्यंत काही पोचलं नाही. ती एक पाऊल रस्त्यावर टाकायची, उजवीकडे बघायची, आणि पुन्हा मागे यायची. आमची गाडी हलली. मी मान वळवून बघत राहिले. तिनं गठ्ठा छातीशी धरला आणि मोकळा हात वर केला, गाड्यांना थांबा म्हणून. एकही गाडी थांबत नव्हती.